काकीचं वायंगण, माझं रब्बी

दुसऱ्या कुणाच्या वतीने तुम्ही शेवटचा अर्ज लिहिलात, तेव्हा त्यातले किती शब्द त्या माणसाचे होते आणि किती तुमचे?

मला हे कुणी वेळेवर विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी उत्तर तोंडावर फेकलं असतं, कारण त्या दिवसांत माझ्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार असायची. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा शाळामास्तर, पण गाव त्यांना ओळखायचं ते पत्रकं लिहिणारा माणूस म्हणून. खाणीची धूळ, बंद पडलेली बस, नळाला न येणारं पाणी, मराठी शाळेला न मिळणारा शिक्षक, कशावरही बाबांचं पत्रक निघायचं. मी वाचायला शिकले ती त्यांच्या उरलेल्या गठ्ठ्यांवर. ‘जाहीर’, ‘निषेध’ आणि ‘धिक्कार’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी वाचता यायचे.

डिचोली तालुक्यातलं आमचं गाव सर्वणच्या बाजूला. घरात आम्ही सगळे इथलं बोलायचो, अर्धं कोकणी, अर्धं मालवणी. बाबाही तसंच बोलायचे. पण लिहायला बसले की त्यांची पाठ ताठ व्हायची आणि कागदावर थेट पुण्याचं मराठी उतरायचं. त्यांचा एक नियम होता आणि तो मी लहानपणीच पाठ केला होता. घरचं बोलणं कागदावर आणायचं नाही. घरच्या बोलीत मागणी केली की साहेब म्हणतो, अडाणी लोक आहेत, ह्यांना काय कळतंय. शुद्ध लिहिलं की निदान खुर्चीत सावरून बसतो. बाबांनी हे अनुभवातून ठरवलं होतं. मी त्यांना दोष देत नाही.

पुढे पणजीला एम.ए. करताना अमेरिकेतल्या वास्तववादाने मला झपाटलं. तिथलं यादवी युद्ध संपल्यावर एक पिढी मोठमोठ्या शब्दांना विटली. त्या शब्दांच्या नावाने इतकी माणसं मेली होती की पुन्हा शूर नायक, सुंदर नायिका आणि उदात्त मरणं लिहायला त्यांचा हात धजेना. त्यांतले कितीतरी वर्तमानपत्रांत काम केलेले. डोळ्यांना दिसतं ते लिहायची सवय लागलेले. ते स्वयंपाकघरात शिरले, गिरणीत शिरले, भाड्याच्या खोल्यांत शिरले. नदीकाठची माणसं, शेतमजूर, गुलामीतून सुटलेले लोक जसं बोलतात तसं त्यांनी कागदावर मांडायला घेतलं. चित्रकारांनी देवदूत सोडून धोबिणी रंगवल्या, नावाडी रंगवले, पुढे शहराच्या मागच्या गल्ल्या आणि त्यांतला चिखल रंगवला. जाणकार मंडळींनी नाकं मुरडली. हे कुरूप आहे, हे तर आम्हाला रोजच दिसतं, ह्यात कला ती कुठे, म्हणाली.

मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: ‘जो माणूस जसा बोलतो तसा तो कागदावर येणं हा त्याचा हक्क आहे.’ वाक्य माझंच. मला ते फार आवडायचं.

शिक्षण संपवून गावी आले, तेव्हा वाचनालयाच्या मंडळींनी एका रविवारी संध्याकाळी माझं भाषण ठेवलं. भिंतीवर पांढरी चादर लावली, कुणाचातरी प्रोजेक्टर आणला. माणसं पंधरा-वीस. शेवटच्या बाकावर शेजारची काकी बसली होती. काकी आमच्या नात्यातली नव्हे, पण कुंपणाला कुंपण लागून घर, त्यामुळे नात्याहून जवळची. माहेर पेडण्याचं, त्यामुळे तिचं बोलणं आमच्याहून जास्त मालवणी वळणाचं. चौथीपर्यंत शिकलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुली लग्न होऊन गेलेल्या. शेत एकटीच करायची, लागल्या तर लावणीला चार बायका.

मी एक चित्र दाखवलं. मागल्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालतेय, बाकी काही नाही. त्यावर मी चांगली दहा मिनिटं बोलले. मग वाचनालयाच्या समितीवरचे निवृत्त सर हसत म्हणाले, “अगो, परसातले कपडे बघायला आम्ही वाचनालयात कशाला यायचं? ते घरी बघतोच की!”

सगळे हसले. शेवटच्या बाकावरून काकीचा आवाज आला, “सर, तुमी बघतास खंय? बायल धुता, तुमी घालतास.”

मग तर सर स्वतःही हसले. काकी उठून चादरीजवळ आली, चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, “वारो खंयसून येता तां ह्येका बरोबर गावलां. पळय, ही वाऱ्याक पाठ करून उबी आसा. नायतर ओलो कपडो तोंडार येता.”

दहा मिनिटांच्या माझ्या भाषणात वारा नव्हता. मी तेव्हा टाळी वाजवली आणि म्हटलं, बघा, हाच वास्तववाद! लोकांनीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, काकीचं म्हणणं मला कळलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी पंचायतीच्या हॉलमध्ये सुनावणी होती. खाणीच्या ट्रकांसाठी गावाबाहेरून नवा रस्ता जाणार होता. गावाला तो हवाच होता. मुलं शाळेत जायच्या वाटेवरून ट्रक जायचे थांबणार होते. पण रस्त्याचा भराव काकीच्या शेताच्या वरच्या अंगाने, व्हाळ ओलांडून जात होता. व्हाळ म्हणजे आमचा ओढा. आराखड्यात त्याच्यावर मोरी, म्हणजे भरावाखालून पाणी जायची वाट, दाखवलेली नव्हती. पावसाळ्याचं पाणी बाजूच्या गटारातून काढून देऊ, असं लिहिलं होतं. ज्यांची हरकत असेल त्यांनी लेखी निवेदन द्यायचं, सुनावणीला हजर राहायचं आणि साहेब विचारतील त्याचं उत्तर द्यायचं.

काकीची हरकत रस्त्याला नव्हती. तिला मोरी हवी होती, एवढंच.

सोमवारी सकाळी ती आमच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, येऊन बसली. मी वही उघडली. तिने जे सांगितलं ते मी तेव्हा जसंच्या तसं टिपून घेतलं होतं, म्हणून आज इथे देऊ शकते:

“सरद पावस पोसता, वायंगण व्हाळ पोसता. रस्तो घाला, ट्रक व्हरा, माझी ना नाय. पण व्हाळाक भायर पडाक वाट ठेवा. व्हाळ आडलो तर माझा वायंगण मेला.”

सरद म्हणजे पावसातलं भात. वायंगण म्हणजे दिवाळीनंतर, व्हाळाचं पाणी पाटाने आणून घेतलेलं दुसरं भात. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकीने दोन ओळींत शेत, ऋतू, पाणी आणि मागणी असं सगळं सांगून टाकलं होतं. त्यात घालण्यासारखं काही नव्हतं आणि काढण्यासारखंही काही नव्हतं.

मी त्यातून दीड पानाचं निवेदन तयार केलं.

‘अर्जदार ही अल्पभूधारक महिला असून खरीप हंगामानंतर सदर जमिनीत नैसर्गिक जलस्रोतावर अवलंबून रब्बी पीक घेते. सदर जलस्रोत अवरुद्ध झाल्यास अर्जदारावर घोर अन्याय होणार असून...’ असं पुढे बरंच. शेवटच्या परिच्छेदात विकासाच्या नावाखाली चाललेल्या दडपशाहीचा तीव्र शब्दांत निषेधही होता. काकीने कुणाचा निषेध केला नव्हता.

वायंगण लिहून मी ते खोडलं, हे मला स्पष्ट आठवतं. पणजीच्या साहेबाला वायंगण काय कळणार, असं मला वाटलं. दुसरंही एक वाटलं, ते सांगायला लाज वाटते. बोलीतला शब्द कागदावर दिसला तर तिकडे हसतील. अमेरिकेतही बोलीत लिहिणारे सगळेच धुतल्या तांदळाचे नव्हते. कित्येकांनी गरिबांचं बोलणं मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं, ते वाचकाला हसू यावं म्हणून. ऐकून लिहिणं वेगळं आणि चिडवायला लिहिणं वेगळं, हे मी परीक्षेत चार पानं भरून लिहिलं होतं. पण आमच्या सोप्यावर बसल्यावर मला त्यातलं हसूच तेवढं आठवलं.

बाबांनी निवेदन वाचलं आणि म्हणाले, “भाषा एकदम पक्की झालीय.” त्यांनी एवढं म्हटलं की मला दुसरं काही लागत नसे.

मग काकी म्हणाली, “बाय, वाचून दाखय मगे.”

बारा वाजत आले होते. टायपिंगचं दुकान साखळीला, ते एकला बंद होऊन चारला उघडतं. बारा-दहाची बस चुकली असती तर दिवस गेला असता. मी भरभर वाचलं. आवाज मात्र चढवून वाचलं, जसं बाबा पत्रक वाचतात. काकी मान डोलावत होती.

“बरा लिवलंस गो,” ती म्हणाली. “कीर्तनात आयकल्यासारा वाटता.” मग कागदाकडे बघत, “पण ह्यात माझा वायंगण खंय?”

“आहे गो काकी, सगळं आहे त्यात,” मी चपला घालत म्हणाले.

“आसा मगे?”

“आहे, आहे. तू कर सही.”

तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, कोऱ्या कागदाच्या तळाला, मी बोट ठेवलं तिथे, एकेक अक्षर जुळवत सही केली. मी बस गाठली. वर मजकूर छापून घेतला आणि संध्याकाळी निवेदन दाखल केलं. टाईप केलेला कागद काकीने सुनावणीपर्यंत पाहिला नाही. माझ्याकडे प्रत होती. द्यावी असं सुचलं नाही.

शुक्रवारी हॉल भरला होता. नावं पुकारली जात होती. काकीच्या नंतर माझा नंबर, मी स्वतःच्या नावाने वेगळी हरकत दिली होती. हातात माझं भाषण होतं, तीन पानी. काकी पुढे जाऊन उभी राहिली, पदर खांद्यावर घट्ट घेतलेला. साहेब उद्धट वगैरे मुळीच नव्हते. त्यांनी तिला कदेल दिली, म्हणजे खुर्ची. पाणी हवं का विचारलं. निवेदन चाळलं आणि विचारलं, “आजी, तुम्ही रब्बी घेता?”

“रब्बी?” काकी म्हणाली. “ना, साहेब.”

“कधीच घेतलं नाही?”

“ना. माका तसला काय कधीच गावाक नाय.”

“पावसाळ्यातलं भात करता?”

“होय. तां करतंय.”

बाजूच्या कारकुनाने लिहून घेतलं. साहेबांनी अजून काही सांगायचंय का विचारलं. काकीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “कागदार सगळा लिवलेला आसा.” जबाबावर सही करून ती परत येऊन बसली.

मी हे सगळं ऐकलं. दहा हातांवर उभी होते. कानांत ‘ना’ पडलं आणि मला वाटलं, काकी कशी ठामपणे बोलतेय. कारण त्या वेळी माझं लक्ष भाषणाच्या दुसऱ्या पानावर होतं, तिथल्या एका वाक्यात मला आवाज कुठे चढवायचा ते ठरत नव्हतं. मग माझं नाव पुकारलं. मी बोलले, टाळ्या पडल्या. साहेबांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

हॉलबाहेर पायऱ्यांवर काकी चप्पल शोधत होती. तेव्हा ती सहज म्हणाली, “त्येणी माका विचारल्यान, रब्बी घेतास? माका वाटला, सरकारची कसली तरी योजना. बाकीच्यांक मिळता आसतली. माका गावाक नाय, तर खोटा कित्याक सांगू?”

मी धावत आत गेले. साहेब दुसऱ्या माणसाशी बोलत होते. कारकुनाला म्हटलं, चूक झालीय, ती घेते, दुसरं पीक घेते. तो म्हणाला, “बाय, जबाबावर त्यांची सही झालीय. अर्ज करा.”

मी अर्ज केला. त्यात वायंगण लिहिलं, व्हाळ लिहिलं, काकीची सगळी वाक्यं अवतरणात घातली. मूळ वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली. बाबांनी तोही अर्ज वाचला. ह्या वेळी भाषेबद्दल काही बोलले नाहीत. उत्तर आलं, की नोंदवलेला जबाब सुनावणी संपल्यावर बदलता येत नाही. आदेशात काकीबद्दल एकच वाक्य होतं: अर्जदार पावसाळी पिकाव्यतिरिक्त अन्य पीक घेत नसल्याचे स्वतः सांगते, सबब मोरीची आवश्यकता दिसून येत नाही.

त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून कुणावर पत्रकही काढता येईना. मी दोन दिवस प्रयत्न केला.

भराव पडला. ट्रक त्या वाटेने जायला लागले, मुलं जुन्या रस्त्याने निर्धास्त शाळेत जाऊ लागली, आणि हे चांगलंच झालं. दिवाळीनंतर काकीचा पाट कोरडा राहिला. तिने नेहमीप्रमाणे बांध घातले होते. आठवडाभर ती रोज सकाळी जाऊन पाट बघून येत होती. मी खिडकीतून बघायची. एकदा कुंपणाशी गाठ पडली तेव्हा मी माफी मागायला तोंड उघडलं, पण माझ्या तोंडून निघालं ते असं: “काकी, आपण वरच्या कोर्टात जाऊ.”

“आता खंयच्या कोर्टात?” ती म्हणाली. “सोड गो. तुझा मराठी बरा, म्हणान मी गप ऱ्हवलंय. माझा तेवढा बरा नाय.”

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने ते खरंच मानलं होतं. आयुष्यभर तिला आम्ही सगळ्यांनी मिळून तेच शिकवलं होतं, शाळेने, बाबांच्या पत्रकांनी, मी. कागदावरचं बोलणं खरं आणि तिच्या तोंडचं कच्चं, हे तिच्यात इतकं मुरलं होतं की स्वतःच्या शेताचं नाव निवेदनात ऐकू आलं नाही, तर तिला वाटलं आपल्यालाच ऐकायला कमी पडलं.

वायंगणाचं बियाणं एक साल वापरलं नाही तर पुढच्या साली नीट रुजत नाही. म्हणून पौषात काकीने ते पेडण्याला भावाकडे द्यायचं ठरवलं. त्याच्या शेताला अजून पाणी होतं. पिशवी जड होती, मी सोबत गेले. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे. बसमध्ये तिने पिशवी मांडीवर घेतली होती, खाली ठेवू दिली नाही. मी खिडकीबाहेर बघत होते. तिला सगळं नीट सांगायचं आणि तिच्या भावासमोरही सांगायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

भावाने पिशवी उघडून दाणे हातावर घेतले. “ह्या तुझा वायंगणाचा बी गो?” त्याने विचारलं. “वायंगण कित्याक सोडलंस?”

मी तिथेच उभी होते. काकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“ढोपरां दुकतत रे,” ती म्हणाली. “आता पाण्यात उबी ऱ्हवाक जायना.”

भाऊ म्हणाला, बरं केलंस, वय झालं. वहिनीने चहा आणि उंडे, म्हणजे गोल कडक पाव, आणले. काकीने उंडा चहात बुडवून खाल्ला, माहेरच्या चार लोकांची चौकशी केली. तिचे गुडघे ठणठणीत होते, त्याच सकाळी ती माझ्या पुढे चालत बस स्टॉपवर पोचली होती. मी मान खाली घालून चहा प्यायले. एवढी निषेधाची भाषा येणाऱ्या मला एक साधं वाक्य बोलता आलं नाही: काकीचे गुडघे दुखत नाहीत, चूक माझी आहे.

परतीच्या बसमध्येही ते बोलले नाही. ते इथे लिहितेय. इथे लिहिणं सोपं आहे, कारण काकी हे वाचणार नाही. वाचून दाखवायला गेले तरी ती पुन्हा म्हणेल, बरा लिवलंस.

मी भाषणं देणं थांबवलंय. आता गावात कुणी अर्ज लिहून घ्यायला आलं, तर त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवते आणि कठीण वाटेल त्या शब्दाचा अर्थ खाली टीप देऊन लिहिते. साहेबाने टीप वाचावी. त्याला तेवढा पगार मिळतो. पण हे सगळं काकीच्या शेताला उपयोगाचं नाही. त्या शेतात आता दिवाळीनंतर गवत असतं.

तुम्ही मराठी वाचता, म्हणजे तुमच्या गल्लीत किंवा गावात कुणीतरी तुमच्याकडून अर्ज लिहून घेतच असेल. तुम्हाला माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी असा माणूस आला, तर तो त्याच्या जमिनीला, पिकाला, आजाराला, कामाला ज्या नावाने हाक मारतो तेच नाव लिहा. मग पूर्ण लिहिलेला कागद त्याच्या हातात द्या आणि त्यालाच मोठ्याने वाचायला लावा. वाचता येत नसेल तर तुम्ही सावकाश वाचा. त्याने मध्येच थांबवून ‘माझं अमुक कुठे आहे?’ असं विचारलं, तर बस चुकली तरी चालेल, पायातल्या चपला काढा, परत खाली बसा आणि ते कुठे आहे ते त्याला बोट ठेवून दाखवा. दाखवता आलं नाही, तर सही घेऊ नका.